भट्टीला जाण्याआधी: शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या कार्यक्रमांच्या प्रकल्प नोंदी

14 सप्टेंबर 2025, रविवार

आसनगाव लोकल, पुढे डोळखांबच्या बाजूची जीप, शेवटचा दीड किलोमीटर पायी. चिखल घोट्याच्या वर. शाळेच्या व्हरांड्यात बैठक. आम्ही ठाण्याहून चौघे, पाड्यावरची पंचवीसेक माणसं, त्यात बाया जास्त. घरं वारल्यांची आणि कातकऱ्यांची. पाड्याचं नाव नोंदींत लिहायचं नाही असं तिथंच ठरलं. एक पोरगा म्हणाला, "नाव छापलं की फोटोवाले येतात."

कल्पना साधी आहे. महिन्याला एक, असे चार कार्यक्रम पाड्यावरच करायचे. ठाणे-कल्याणकडचे गाणारे-वाजवणारे आणि पाड्यावरचे, दोघेही एकाच जागी. आम्ही सहा जणांनी पाच-पाच हजार काढलेत, म्हणजे तीस हजार. माझा धंदा साउंडचा, त्यामुळे स्पीकर, मिक्सर, माइक घरचेच. जनरेटर एका मित्राचा, डिझेल आपलं.

मी मोठ्या थाटात वही उघडली आणि म्हणालो, 20 डिसेंबरला सुरुवात करू. थंडी असते, मैदान कोरडं असतं, भात कापून झालेलं असतं. ठाण्यात आमच्या सगळ्या महोत्सवांचा मोसम तोच. अंगणवाडीच्या ताई ओठ दाबून हसल्या. म्हणाल्या, "या की डिसेंबरात. आम्ही चार म्हातारी आणि कुत्री असू ऐकायला."

दिवाळी झाली की इथली निम्म्याहून जास्त घरं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, पडघा, कल्याणच्या अंगाला. पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं टेम्पोत घालून. शिमग्याला चार दिवस येतात, परत जातात, ते पाऊस तोंडावर आल्यावरच कायमचे घरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मैदान कधी कोरडं असेल याचा विचार केला, माणसं कधी असतील याचा केलाच नाही.

ताईंनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर वर्ष मांडून दिलं. लावणी, बेननी (तण काढणं), गौरी, मग हळव्या भाताची कापणी, वाघबारस, दिवाळी, आणि त्यापुढे एकच शब्द: मुकादम. आपल्या हातात सहा आठवडे आहेत.

19 सप्टेंबर

नवं वेळापत्रक. पहिला कार्यक्रम कोजागिरीला, 6 ऑक्टोबर. दुसरा वाघबारशीला, 17 ऑक्टोबर. तिसरा त्रिपुरी पौर्णिमेला, 5 नोव्हेंबर, तोवर कोणी उरलं तर. चौथ्याचं नंतर बघू.

दोन पौर्णिमा मुद्दाम. परतीच्या वाटेवर दिवे नाहीत आणि बायका-पोरांनी रात्री यायचं तर चांदणं हवं.

24 सप्टेंबर

ग्रामपंचायतीचा कागद मिळाला. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा मात्र नाही. एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत अर्ज पहिल्याच टेबलाच्या खणात सापडला, वर चहाचा गोल डाग. साहेबांनी विचारलं, "एवढ्या आत कोण येणार ऐकायला?" रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे 2000 सालच्या नियमांपासून पाठच आहे. इथं दहाला कोणी जागं असतं का, तेच आधी बघावं लागेल.

4 ऑक्टोबर

अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ. ठाणे-पालघरला इशारा. पेटीवाले दर दोन तासांनी फोन करतायत. मी ताडपत्री दोनाच्या चार केल्या.

6 ऑक्टोबर, कोजागिरी

वादळ समुद्रातच पलीकडे गेलं. ढग होते, पाऊस नाही. चंद्र येत-जात होता.

दुपारी चारला पोचलो. शाळेच्या बोर्डातून लाइन घेतली, मीटर लावला: 168 व्होल्ट. 230 च्या जागी 168. पॉवर्ड स्पीकर एवढ्यावर सुरू होतो आणि ऐन वेळी मान टाकतो. जनरेटर काढला. पाच केव्हीएचा, म्हणजे हिशेबाला चार किलोवॅट धरायचे. दोन स्पीकर, मिक्सर आणि दोन हॅलोजन यांना ते भरपूर. आवाज नको म्हणून चाळीस मीटरवर आंब्यामागे ठेवला, तरी स्पीकरमधून घूं येतच होतं. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात ठोकली होती. खड्ड्यात मीठ आणि दोन कळश्या पाणी ओतलं तेव्हा घूं गेलं. पाड्यावरच्या पोरांना त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, मीठ घातल्यावर आवाज थांबतो.

कार्यक्रम: कल्याणच्या गायिका, पेटी, पखवाज. अभंग, गवळणी. मग पाड्यावरचं भजनी मंडळ. दोनशेच्या वर माणसं, शेजारच्या दोन पाड्यांवरूनही आली. गायिकाबाईंनी सुरुवातीला दहा मिनिटं अभंगाचा अर्थ सांगितला. तेवढ्यात पुढची रांग दूध कधी मिळणार हे विचारायला उठून गेली. दुसऱ्या अभंगाला त्यांनी बोलणं सोडून दिलं आणि मग जमलं. चांगल्या गायिका आहेत, ओळखलं त्यांनी.

एका कोपऱ्यात एक बाबा मांडीवर थाळी घेऊन बसले होते. काशाची थाळी, मधोमध मेणानं चिकटवलेली बारीक काडी. ती काडी चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढत आणली की थाळी घुमते. मी म्हटलं, माइक लावतो, वाजवा. त्यांनी थाळी पालथी करून ठेवली. "ही मयताची. मजेला नाय वाजत." मग आणली कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ताई नंतर म्हणाल्या, शेजारच्या पाड्यावरून परत येत होते, वाटेत आवाज ऐकून थांबले.

दहाला पाच कमी असताना बंद. माणसं जागी होती.

11 ऑक्टोबर

आज हिशेबावरून बोलणी खाल्ली, आणि बरोबर खाल्ली. ताईंनी वही मागितली होती, म्हणून फोटो काढून पाठवला. त्यात कोजागिरीच्या पानावर शहरातल्या तिघांचं मानधन 9,000, अधिक प्रवास. वाघबारशीच्या पानावर तारपावाले (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) आणि नाचणारे यांच्यासमोर माझ्याच अक्षरात: "श्रीफळ, शाल."

ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि तारपावाल्या बाबांना दिला. बाबा ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "शाली सहा हायेत घरात. सातवी कुणाला पांघरू?"

आजपासून दर ठरला: जो वाजवेल, गाईल त्याला माणशी 1,500. ठाण्याचा असो नाहीतर पाड्यावरचा. प्रवास वेगळा. आमच्या एका सभासदाचं म्हणणं, यानं पैसे तिसऱ्याच कार्यक्रमात संपतील. संपू देत.

16 ऑक्टोबर

उद्याच्या जागेचा घोळ. मी शाळेच्या मैदानात आठ बाय सोळाचा मंच धरला होता. पण तारपा खळ्यावर व्हायचा आहे. खळं म्हणजे बायांनी आठ दिवस चोपून, शेणानं सारवून गुळगुळीत केलेली जमीन, मधे खांब. तिथं चप्पल चालत नाही, लोखंडी स्टँड तर नाहीच. एका आजींनी स्टँडचे पाय बघितले आणि नुसती मान हलवली. भात पडायचं असतं तिथं, खड्डे पडले तर दाणे शोधत बसायचं का?

मंच रद्द. स्पीकर खळ्याच्या बाहेर, कुंपणाला टेकवून. खरं सांगायचं तर मंच भाड्याचा होता, रद्द केल्यानं 2,800 वाचले.

17 ऑक्टोबर, वाघबारस

आज कार्यक्रम त्यांचा, आम्ही पाहुणे. दिवसा वाघदेवाची पूजा झाली, तिथं आम्ही गेलो नाही, कोणी बोलावलंही नव्हतं.

तारपा मी आजवर शासकीय सोहळ्यांत ऐकलेला, तोही निवेदकाच्या आवाजाखाली. आज हातात घेऊन बघितला. वर वाळवून पोकळ केलेला दुधी, त्यातून निघालेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांना भोकं, खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सगळे सांधे मेणाचे. बाबा श्वास न तोडता वाजवतात. गाल भरलेले ठेवायचे आणि नाकानं हवा घ्यायची. वीस मिनिटं एकसलग मी मोजली, पुढं मोजणं सोडलं.

आमच्या बासरीवाल्यांच्या डोक्यात जुगलबंदी होती. मी आधीच ट्यूनर धरला: तारप्याचा मुख्य सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठंतरी, धड इथंही नाही, तिथंही नाही. बाबांकडचा दुसरा तारपा लावून बघितला, तो आणखी वेगळा. बासरीवाले अर्धा तास बासऱ्या बदलत बसले. शेवटी बासरी पिशवीत टाकून साखळीत जाऊन नाचले, आणि माझ्या मते त्यांची आजवरची सर्वांत प्रामाणिक संगत तीच.

माइकचं तर हसूच झालं. स्टँडवर शुअरचा एसएम 58 ठेवला, पण वाजवणारा चालतोय, साखळी त्याच्यामागून फिरतेय, तो वळला की सगळी वळतेय. माइकसमोरून दर दीड मिनिटाला एकदा तारपा जायचा, रेल्वे फाटकावरून गाडी जावी तसा. मग कर्ण्याला वायरलेस चिमटा लावला, तर घुंगराच्या काठीचा दणकाच जास्त यायला लागला. शेवटी मिक्सरवर आवाजाचा फेडर खाली केला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण खळ्यावर तारपा उघड्यानं अख्ख्या पाड्याला ऐकू जातो. मी दोनशे किलो सामान कशाला आणलं होतं?

आणि गडबड केली तीही मीच. चित्रण चांगलं यावं म्हणून हजार वॅटचा हॅलोजन खांबाजवळ आणला. बाबा मधे विश्रांतीला तिथंच टेकले, तारपा दिव्यासमोर. परत वाजवायला घेतला तर फुस्स. मेण वितळायला साठ अंशांच्या वर लागतात, पण मऊ पडायला एवढी उष्णता लागत नाही. नळीचा सांधा सरकला होता, हवा बाहेर येत होती. माझा चेहरा पडला. बाबांनी तारपा उचलून सावलीत नेला, कमरेच्या पिशवीतून मेणाचा खडा काढला, तोंडात धरून मऊ केला, अंगठ्यानं सांध्यावर फिरवला, फुंकून बघितलं, पुन्हा थोडं फिरवलं. सात-आठ मिनिटं गेली. तोवर बायांनी आपली गाणी सुरू केली, वाजवणाऱ्यावाचून, आणि साखळी थांबलीच नाही. शहरात तार तुटली की आम्ही निवेदकाला पुढं ढकलतो.

हॅलोजन खळ्याच्या बाहेर वीस पावलं. पुढच्या वेळी यादीत लिहून ठेवणे.

दहाला स्पीकर बंद केले. तारपा चालू होता. त्याला नियम लागतो का, यावर आमच्यात वाद झाला. कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि विचारायला जायचं कुणी?

30 ऑक्टोबर

दिवाळी होऊन आठवडा गेला, पाऊस काही जात नाही. कापलेलं भात शेतात भिजलं. ताईंनी लोंबीचा फोटो पाठवला: दाण्यांना हिरवे मोड. ज्या खळ्यावर मला स्टँड ठेवू दिला नव्हता त्यावर पाणी.

ज्यांचं भात गेलं ती घरं मुकादमाकडून उचल घेऊन लवकर निघाली. सात घरं काल, पाच आज. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा याच तालुक्यात. पावसाळ्यात इथं पाणी असं, आणि एप्रिलमध्ये याच पाड्यावर टँकर. आम्ही ठाण्यात यावर गंभीर चर्चासत्रं घेतो, पुढच्या रांगेत बाटलीबंद पाणी ठेवून.

5 नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

कार्यक्रम झाला नाही. नोंद तरीही करतो.

पाड्यावरच्या एका आजोबांचे दिवस आज होते. निघताना कळलं नव्हतं. आम्ही सामान जीपमधून उतरवलंच नाही. परत जावं म्हटलं तर ताईंनी बसायला सांगितलं. अंधारात, ओट्यावर, तेवीस माणसं. कोजागिरीचे थाळीवाले बाबा मधे बसले होते. बोटांना राख लावली, काडीवरून बोटं ओढली, आणि तो आवाज सुरू झाला. त्याला वाजणं म्हणवत नाही, घोंगावणं म्हणावं तर तेही नाही. त्यावर ते सांगत होते, अर्धं गाऊन, अर्धं बोलून: माणूस कुठून आला, कुठं जातो, वाटेत कोण भेटतं. निम्मी भाषा मला कळली नाही. कोणी रडत होतं, कोणी बिडी ओढत होतं, एक पोरगं आजीच्या मांडीवर झोपलं होतं. वीस फुटांवर बसून मला काडीवरच्या बोटांची खरखर ऐकू येत होती.

बॅगेत चांगला कंडेन्सर माइक होता, रेकॉर्डर होता. काढला नाही. आमचे तबलजी जीपमध्ये म्हणाले, "काढला असतास तर मी उतरून चालत गेलो असतो."

28 नोव्हेंबर

हिशेब: शिल्लक 6,150. बाबांच्या हाती थाळीचे पैसे द्यायचे की नाही यावर दोन तास गेले. दिले नाहीत. तो आपला कार्यक्रम नव्हता.

3 जानेवारी 2026, पौष पौर्णिमा

मुरबाडला म्हसा यात्रा. तबलजींबरोबर नुसताच फिरायला गेलो. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, कनाती, पायाखाली धूळच धूळ. इथं कोणाला निमंत्रण लागत नाही, पत्रक लागत नाही. पौष पौर्णिमा म्हणजे म्हसा, हे पंचांगातच आहे. आम्ही चार महिने तारखा ठरवण्यात घालवले.

गर्दीत पाड्यावरची तीन पोरं भेटली, पडघ्याच्या बाजूच्या भट्टीवरून आलेली. एकानं माझा हात धरून विचारलं, "मीठवाले काका, भट्टीवर कवा येता?" त्यांचा बाजाराचा दिवस रविवार. त्या दिवशी खर्ची मिळते आणि दुपारनंतर काम नसतं. चौथ्या कार्यक्रमाची तारीख अशी मिळाली.

8 जानेवारी

ठाणे महापालिकेचं मतदान 15 तारखेला. माझे दोन्ही स्पीकर प्रचाराच्या टेम्पोवर भाड्यानं गेलेत, पोट त्यावरच आहे, नाही म्हणता आलं नाही. भाड्यानं घ्यावेत म्हटलं तर ठाणे, कल्याण, भिवंडीत एक शिल्लक नाही. रविवारी आवाजाविना जायचं.

11 जानेवारी, रविवार

भट्टीचा शेठ आधी नको म्हणाला. कोणी संघटनावाले आलेत असं त्याला वाटलं. पखवाज दाखवला तेव्हा पटलं. अट एकच: सहाच्या आत आटपा, रात्री माती कालवायची आहे. रात्री एक-दोनला उठून चिखल करायचा, पहाटेपासून विटा पाडायच्या, मजुरी हजार विटांमागे. आणि आधी घेतलेली उचल त्यातून वळती.

झोपड्या विटांच्याच, विटांवर विटा नुसत्या रचलेल्या, कमरेएवढ्या. ओल्या विटांच्या रांगा लांबवर पसरलेल्या. पोरांना रांगेतून न तुडवता पळायची सवय झालेली, आमचे बासरीवाले पहिल्याच पावलाला दोन विटा मोडून बसले. एका बाईनं काही न बोलता दोन्ही उचलून परत मातीत टाकल्या. मी मनात हजारातून दोन वजा केल्या.

शंभरेक माणसं असावीत, आमच्या पाड्याची चाळीस, बाकी मोखाडा, जव्हारकडची. गायिकाबाई जमिनीवर बसल्या, पेटी मांडीशी. या वेळी अर्थ सांगितला नाही. तिसऱ्या गवळणीला मागून बायांनी आपलंच कडवं जोडलं, चाल तीच, शब्द भट्टीचे, त्यात मुकादमाचं नाव घेऊन काहीतरी होतं. हशा पिकला. मुकादम तिथंच उभा होता, तोही हसला, पण जरा उशिरा.

तारपावाले बाबाही तिथं होते, मुलाबरोबर आलेले, नातवंडं सांभाळायला. तारपा कुठाय विचारलं. "घरी टांगलाय. हितं धुरात दुधी तडकतो." माणशी 1,500 च्या हिशेबात गाणाऱ्या बाया धराव्यात का? धरल्या. सहा जणी होत्या. शिल्लक आता उणे आहे, रक्कम लिहीत नाही.

पावणेसहाला उठलो.

25 जानेवारी

पद्म पुरस्कारांची यादी आली. जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री. मी लगेच बाबांच्या नातवाला फोन लावला. बाबांना फार आनंद झाला, दोनदा नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "पैसं किती?" पद्मश्रीला रोख रक्कम नसते. सांगितलं तसं. थोडा वेळ पलीकडून नुसता भट्टीवरच्या पंपाचा आवाज.

"कागद तरी चांगला असंल," म्हणाले.

8 फेब्रुवारी

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ताईंकडून घेतलं, या वेळी आधी विचारून. गौरीनंतर दिवाळीपर्यंत तीन, शिमग्याला एक, भट्टीवर दोन, रविवारी. डिसेंबरात पाड्यावर काही नाही. बोहाड्याची, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं कुठल्या गावात कधी निघतात ते थाळीवाले बाबा सांगणार आहेत. ते आपल्याला बसवायचं नाही, बघायला जायचं. वर्गणी माणशी आठ हजार करावी लागेल. दोघे कुरकुरतायत.

या शिमग्याला पाड्यावर सगळी घरं चार दिवस भरतील. सामान काय आणू, विचारलं. ताई म्हणाल्या, स्पीकर नको. जनरेटर आणि दिवे तेवढे आणा, होळीच्या वाटेवर लावायला. मी फोन ठेवणार तोच पुन्हा आवाज आला, मागून तारपावाले बाबा काहीतरी ओरडत होते.

"काय म्हणतायत?"

"दिवे लांब लावा म्हणतात."